काचेच्या टांकींतील समुद्र : त्यांत कोणते मासे ठेवावे ?

माशांच्या दुकानांत शिरलेल्या गृहस्थाचें लक्ष प्रथम जातें तें रंगाकडे. एका टांकींत जर्द पिवळा, दुसरींत गर्द निळा, तिसरींत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ओढलेला, असे मासे पाहतां पाहतां खिशांतलें पाकीट कधीं बाहेर आलें तें कळत नाहीं. गोड्या पाण्याच्या टांकींत ही हौस बहुतेक वेळां निभावून जाते. गप्पी किंवा मॉली यांसारखे मासे पुष्कळ सोसतात आणि मालकाचें अज्ञान पोटांत घालतात. खाऱ्या पाण्याच्या, त्यांतहि प्रवाळांसह मांडलेल्या लहान टांकींत मात्र रंगावर भुलून केलेली निवड माशाच्या जिवावर बेतते, आणि तीहि बहुधा पहिल्या दोन-चार महिन्यांतच. तेथें विचारावयाचा प्रश्न निराळा आहे. हा मासा समुद्रांत पोट कशावर भरतो आणि केवढ्या जागेंत संसार करतो, हें ज्याला ठाऊक आहे त्याची निवड सहसा फसत नाहीं.

लहान टांकी म्हणजे येथें सुमारें १०० लिटरांची, अडीच फूट लांबीची टांकी समजावी. १०० लिटर म्हणजे घरांतल्या सहा-सात बादल्या. त्यांतून दगड आणि वाळू यांनीं अडविलेली जागा वजा केली कीं प्रत्यक्ष पाणी उरतें ८०-८५ लिटर. प्रवाळखडकांवर राहणाऱ्या माशांची शरीरें जवळजवळ न बदलणाऱ्या पाण्याला सरावलेलीं असतात. एका लिटरमागें सुमारें ३५ ग्रॅम क्षार आणि २५-२६ अंश सेल्सिअसच्या आसपासची ऊब त्यांना मानवते. काचेच्या टांकींत हीं दोन्ही प्रमाणें रोज हालतात. उन्हाळ्यांत ८५ लिटरांतून दोन लिटर पाणी उडून गेलें, तर जातें तें निव्वळ गोडें पाणी. क्षार मागेंच राहतात, आणि ३५ ग्रॅमांचें प्रमाण ३६ च्या घरांत जातें. म्हणून उडालेल्या पाण्याची भर रोजच्या रोज शुद्ध गोड्या पाण्यानें करावयाची, खाऱ्या पाण्यानें नव्हे; नवशिक्याचा पहिला घोटाळा बहुधा येथेंच होतो. पाणी तापूं नये म्हणून वर पंखा लावला तर तें थंड होतें खरें, पण उडतेंहि अधिक. पुण्याच्या कोरड्या हवेंत हा उपाय चांगला लागू पडतो. मुंबईच्या मे महिन्यांतील दमट हवेंत त्याचा गुण फारसा येत नाहीं, आणि पाणी थंड करणारें यंत्रच बसवावें लागतें.

समुद्र दाराशीं असतां मीठ विकत कां घ्यावें, असा प्रश्न किनाऱ्यावरच्या माणसाच्या मनांत येणें साहजिक आहे. परंतु मुंबईच्या चौपाटीवरचें पाणी गाळानें आणि सांडपाण्यानें भरलेलें असतें, आणि पावसाळ्यांत त्याचा खारटपणा उतरतो. त्यापेक्षां शुद्ध केलेल्या पाण्यांत या कामासाठींच तयार केलेलें क्षारमिश्रण विरघळविणें अधिक भरंवशाचें.

याहून कठीण गोष्ट माशांनीं टाकलेल्या घाणीची. मासे कल्ल्यांवाटें अमोनिया सोडतात. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.४ च्या आसपास असतो, आणि अशा पाण्यांत अमोनियाचा विषारी अंश नेहमींच्या गोड्या पाण्यापेक्षां बराच अधिक राहतो. त्याचें निवारण करतात ते सूक्ष्म जंतु. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचें बरेंच निरुपद्रवी असें नायट्रेट करतात. हे जंतु दगडांच्या छिद्राछिद्रांतून वस्ती करतात आणि ती वस्ती जमण्यास चार ते सहा आठवडे लागतात. सजीव सच्छिद्र दगड हाच टांकीचा खरा सफाई-कारखाना होय, हें जाकार्ता येथील ली चिन एंग या गृहस्थांनीं १९६१ सालीं लिहिलेल्या लेखानें हौशी लोकांच्या ध्यानांत आणून दिलें. त्यांच्या टांक्यांत अशा दगडांखेरीज हवेचे बुडबुडे सोडणारी एक नळी काय ती असे. हे चार-सहा आठवडे टांकींत एकहि मासा नसावा. पूर्वी या मुदतींत डॅमसेल जातीचे स्वस्त आणि चिवट मासे विषांत सोडून जंतूंना खाद्य पुरविण्याची चाल होती. ती निर्दय होतीच, शिवाय आंतबट्ट्याचीहि होती. जे डॅमसेल त्यांतून जगत, ते टांकी आपली समजून मागाहून येणाऱ्या प्रत्येक माशाला छळीत. आज बाटलींतला अमोनिया थेंबाथेंबानें घालून तेंच काम होतें.

आतां टांकींतील मूळ रहिवाशांविषयीं, म्हणजे प्रवाळांविषयीं. प्रवाळ हा दगड नसून सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे, आणि समुद्रांत त्याला खाणारे पुष्कळ. फुलपांखरी मासे दिसावयास कितीहि नाजुक असले तरी त्यांच्या अनेक जाति प्रवाळांचे जीव टिपून खाण्यावरच जगतात. कांहींना दुसरें अन्न गोडच लागत नाहीं. असा मासा टांकींत सोडला तर प्रवाळ तरी जातें किंवा मासा तरी उपाशी मरतो. मोठे एंजल मासे आणि कवचें फोडून खाणारे ट्रिगर मासे यांनाहि याच कारणास्तव वगळावें लागतें. भारतांतल्या हौशी माणसानें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवणें अवश्य आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत कठीण सांगाड्याचीं प्रवाळें, काळें प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांचा समावेश २००१ सालीं झाला. म्हणजे किनाऱ्यावरून किंवा समुद्रतळावरून जिवंत प्रवाळदगड उचलून आणणें हा गुन्हा आहे, आणि कोणी पिशवींत घालून समुद्रघोडा देऊं केला तर तो घेणेंहि तसेंच. कारखान्यांत बनविलेले सच्छिद्र दगड आणि या यादींत नसलेलीं मऊ प्रवाळें यांवर सुंदर टांकी उभी राहते. कठीण प्रवाळें जागच्या जागीं पाहावयाचीं असलीं तर मालवणास सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या पाण्यांत तीं आहेत, आणि तेथेंच तीं शोभतात.

प्रवाळांना न छेडणारा प्रत्येक मासा लहान टांकीच्या कामाचा, असें मात्र नाहीं. २००३ सालच्या ‘फाइंडिंग निमो’ या चित्रपटानें दोन मासे घरोघर पोंचविले : एक नारिंगी विदूषक मासा, म्हणजे क्लाऊनफिश, आणि दुसरा गर्द निळा, पिवळ्या शेपटीचा सर्जन मासा. दुकानांत हे दोघे सारख्याच आकाराचे, बोटभर लांबीचे दिसतात. पैकीं विदूषक मासा आठ-नऊ सेंटिमीटरांवर थांबतो. सर्जन मासा ३० सेंटिमीटरांपर्यंत वाढतो, आणि तो दिवसभर प्रवाळखडकावरून लांबलांब फेऱ्या मारणारा प्राणी आहे. अडीच फुटांच्या टांकींत त्याला एक झेप घेतली कीं वळावें लागतें. असा कोंडलेला मासा खंगतो, अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या रोगाला चटकन् बळी पडतो, आणि मालक मात्र रोगाला दोष देतो. इतक्या लिटरांमागें इतके सेंटिमीटर मासे, असे जे हिशेब कित्येक पुस्तकांतून दिलेले असतात त्यांचाहि येथें उपयोग नाहीं. लांबी दुप्पट झाली कीं माशाचें वजन सुमारें आठपट होतें. तीन-तीन सेंटिमीटरांचे दहा मासे आणि तीस सेंटिमीटरांचा एक मासा यांची बेरीज कागदावर सारखी दिसली तरी पाण्यावरचा भार सारखा नसतो.

मग लहान मासा म्हणजे निर्धोक काय ? तसेंहि नाहीं, आणि याचें सर्वांत वाईट वाटणारें उदाहरण मँडरिन माशाचें. सहा-सात सेंटिमीटरांचा हा मासा म्हणजे पैठणीचा पदरच. निळ्या अंगावर नारिंगी-हिरव्या वेलबुट्ट्या, स्वभाव शांत, चाल संथ. कोणाच्या वाटेस जात नाहीं. परंतु तो दिवसभर दगडांवरून सरकत राहून एकेक सूक्ष्म कवचधारी किडा टिपीत असतो, आणि घातलेल्या कोरड्या अन्नाकडे सहसा ढुंकूनहि पाहत नाहीं. १०० लिटरांच्या टांकींतले हे किडे तो कांहीं आठवड्यांत संपवितो. मग पाणी निर्मळ, प्रवाळें फुललेलीं, शेजारी मवाळ, आणि मँडरिन मात्र रोज थोडाथोडा वाळत जातो. अलीकडे हौदांत जन्मलेले आणि घातलेलें अन्न खाण्यास शिकलेले मँडरिन मिळूं लागले आहेत. तेवढाच काय तो अपवाद, आणि तोहि खातांना स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिल्यावरच. दुसऱ्या माशांच्या अंगावरचे किडे वेंचून जगणाऱ्या निळ्या ‘सफाई’ रॅस माशाची कथा अशीच आहे. समुद्रांत त्याच्या दारीं दिवसभर गिऱ्हाइकांची रांग असते. टांकींतल्या चार माशांवर त्याचा धंदा चालावा कसा?

आतां जे मासे खरोखर शोभतात त्यांच्याकडे वळावें. पहिला मान विदूषक माशाचा. हिंदी महासागराच्या पूर्व भागापासून पश्चिम पॅसिफिकपर्यंत त्याचें राहणें, आणि आपल्या अंदमानच्या समुद्रांतहि तो आहे. सर्व आयुष्य तो एका समुद्रफुलाच्या डंखणाऱ्या बोटांमध्यें काढतो. तेथून वावभर दूर जाणें म्हणजे मरण. म्हणजे चिमुकल्या जागेंत संसार करणें हाच त्याचा स्वभावधर्म आहे. त्याच्या कुटुंबाची रचना मोठी नवलाची आहे. सर्वांत मोठी ती मादी, तिच्या खालोखाल नर, आणि त्यांच्या धाकाखालीं वाढ खुंटलेले धाकटे. मादी मेली कीं नर मादी बनतो आणि धाकट्यांतला सर्वांत मोठा त्याची जागा घेतो. हान्स फ्रिके आणि सिमोन फ्रिके यांनीं १९७७ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत हें दाखविलें. घरगुती टांकीस यांतून फार सोयीचा निष्कर्ष निघतो. नर कोणता, मादी कोणती याची चिकित्सा नको. एक जरा मोठें आणि एक लहान अशीं दोन अल्पवयी पिलें आणलीं कीं जोडपें आपोआप जमतें. तिसरें मात्र आणूं नये. समुद्रांत त्याला आशेवर दिवस काढतां येतात, टांकींत त्याला पळावयास कोपराहि नसतो.

विदूषक मासा घेतला म्हणजे समुद्रफूलहि घ्यावें, ही समजूत मात्र सोडून द्यावी. समुद्रफूल हें त्याचें शत्रूपासूनचें कवच आहे, आणि टांकींत शत्रूच नसतो. उलट हीं समुद्रफुलें अर्ध्या मीटरहून रुंद वाढूं शकतात, प्रखर प्रकाश मागतात, जागा न आवडल्यास सरकत जाऊन वाटेंतल्या प्रवाळांना डंखतात, आणि मेलीं तर एका रात्रींत सारें पाणी नासवितात. त्यांच्यावांचून विदूषक मासा सुखानें राहतो, अंडींहि घालतो, आणि नीट निगा झाली तर वीस वर्षांच्या आसपास जगतो. हल्लीं तो मोठ्या प्रमाणावर हौदांतच जन्मास घातला जातो. भारतांतहि केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें त्याच्या पैदाशीची रीत बसविली आहे.

दुसरा मान गोबी कुळाचा. कोंकणच्या खाड्यांतून चिखलावर उड्या मारणारे निवटे आपणांस ठाऊक आहेत; गोबी हे त्यांचेच दूरचे भाऊबंद. या कुळांतला पिवळा पहारेकरी गोबी साधारण दहा सेंटिमीटरांचा असतो, आणि त्याची खरी मौज पाहावयाची असेल तर त्याच्या जोडीला पिस्तुल-कोळंबी ठेवावी. ही कोळंबी वाळूंत बीळ खणते. पण तिची दृष्टि अधू. म्हणून बिळाबाहेर येतांना ती आपली लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. मासा तोंडाशीं पहारा करतो, कांहीं संशय आला कीं शेपटी फडकवितो, आणि तो स्पर्श मिळतांच कोळंबी आंत जाते, पाठोपाठ मासाहि. घर एकाचें, डोळे दुसऱ्याचे. पहिल्या भेटींतच कित्येकदां हा करार जमतो. कोळंबीनें नांगी मिटली म्हणजे होणारा ‘टक्’ असा आवाज काचेबाहेरहि ऐकूं येतो आणि नवख्या मालकाला टांकी तडकल्याचा भास होतो. या जोडप्यासाठीं वाळूचा थर दोन-तीन बोटें तरी असावा, आणि मोठे दगड वाळूवर न ठेवतां थेट तळावर टेकलेले असावे. नाहींतर खणतां खणतां दगड त्यांच्याच अंगावर यावयाचा.

बांगाई कार्डिनल या माशाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्याजोगी आहे, कारण हौसेची किंमत कोण देतो तें तींत दिसतें. काळ्या उभ्या पट्ट्यांचा, रुपेरी, पांढऱ्या ठिपक्यांचा हा आठ सेंटिमीटरांचा मासा इंडोनेशियांत सुलावेसीच्या पूर्वेकडील बांगाई बेटांभोवतींच मूळचा राहतो. १९३३ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन झालें आणि पुढें साठ वर्षें त्याची कोणी विशेष दखल घेतली नाहीं. १९९४ नंतर तो हौशी लोकांच्या नजरेस पडला, आणि मग बेटांभोवतीं जाळीं पडूं लागलीं. या माशाचा नर शंभराहूनहि कमी अंडीं तोंडांत धरून सुमारें तीन आठवडे उबवितो, त्या मुदतींत कांहीं खात नाहीं, आणि पिलें निघाल्यावरहि कांहीं दिवस तीं तोंडांतच ठेवतो. इतर प्रवाळमाशांचीं पिलें प्रवाहाबरोबर दूरवर पसरतात. याचीं बापाच्या तोंडांतून निघतात तीं जवळच्याच समुद्र-साळूंच्या कांट्यांत शिरतात. त्यामुळें एका किनाऱ्यावरचे मासे पकडून संपविले कीं ती जागा दुसरीकडून भरून निघत नाहीं. २००७ सालीं तो संकटग्रस्त जातींच्या यादींत गेला. गमतीची गोष्ट अशी कीं, घरच्या टांकींत वाढविण्यास याच्याइतका सोपा समुद्री मासा थोडाच असेल. म्हणून हौदांत जन्मलेलें जोडपें मिळाल्यास अवश्य घ्यावें, समुद्रांतून धरलेला मासा घेऊं नये. आणि जोडपेंच घ्यावें. पांच-सहांचा घोळका दुकानांत मोठा गोजिरवाणा दिसतो, परंतु वयांत आल्यावर दोघे उरेपर्यंत त्यांची मारामारी चालते.

याखेरीज कॅरिबियन समुद्रांतला, अर्धा जांभळा अर्धा पिवळा रॉयल ग्रामा आणि पाठीवर उंच तुरा मिरविणारा फायरफिश हे दोघेहि आठ-नऊ सेंटिमीटरांचे, प्रवाळांना न शिवणारे आणि घातलेलें अन्न खाणारे मासे आहेत. दोघांतला एकच घ्यावा, कारण ग्रामा आपल्या कपारीसाठीं भांडतो आणि फायरफिश भित्रा. तो दचकला कीं पाण्याबाहेर उडी मारतो. म्हणून टांकीवर बारीक जाळी ताणून बसविणें हें त्याच्या बाबतींत अन्नपाण्याइतकें जरूर आहे.

स्वभावाचा विचार येथें ओघानेंच येतो. सहा रेघांचा रॅस मासा आठ सेंटिमीटरांचा, देखणा आणि चपळ. मोठ्या टांकींत तो सालस वाटतो, लहान टांकींत तोच पुढच्या प्रत्येक पाहुण्याचा काळ होतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे डॅमसेल तसेच. यांचा दोष असा नाहीं. प्रवाळखडकांत चार हात जागा राखली तरच पोट भरतें, आणि हरलेल्याला पळून जाण्यास समुद्र मोकळा असतो. काचेंत हरलेला पळणार कोठें ? म्हणून भित्र्या माशांना आधीं सोडून त्यांना कपारी ठरवूं द्याव्या आणि हुकमत गाजविणारे मागाहून आणावे.

एकंदर संख्या किती ? १०० लिटरांत विदूषक माशांचें जोडपें, कोळंबीसह एक गोबी, आणि ग्रामा किंवा फायरफिश यांपैकीं एक, म्हणजे चार मासे. एवढ्यांच्या अन्नानें जें नायट्रेट सांचतें तें आठवड्याला दहा लिटर पाणी बदलून आटोक्यांत राहतें. पहिल्या वर्षांत पांचवा मासा आणण्याचा मोह टाळावा. टांकी रिकामी वाटते ती पाहणाऱ्याला; आंतल्यांना ती वाटत नाहीं.

विकत घेतांना रंगापेक्षां पोट पाहावें. डोक्यामागें अंग खपाट झालेला, कल्ले धापा टाकल्यासारखे हलविणारा, कोपऱ्यांत पाण्याच्या वरच्या थरास लटकलेला मासा स्वस्त मिळाला तरी नको. दुकानदाराला समोर अन्न घालावयास सांगावें. चांगला दुकानदार त्याला कधीं नाहीं म्हणत नाहीं. मासा हौदांत जन्मलेला कीं धरून आणलेला, हेंहि विचारावें. फिलिपाइन्समध्यें १९६० नंतरच्या दशकापासून प्रवाळांच्या कपारींत सायनाइड फवारून मासे गुंगवून धरण्याची रीत पसरली. अशानें आसपासचें प्रवाळ मरतें, आणि धरलेला मासा वरून धडधाकट दिसूनहि कित्येकदां कांहीं आठवड्यांत दगावतो. हौदांतल्या माशास दोन पैसे अधिक पडतात, पण तो पहिल्याच दिवशीं हातचें खातो.

घरीं आणल्यावर नवा मासा सरळ मुख्य टांकींत घालूं नये. दुसऱ्या लहानशा साध्या टांकींत तो चार आठवडे वेगळा ठेवावा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग समुद्री माशांत फार लवकर पसरतो आणि त्यावरचें एक नेहमींचें औषध म्हणजे तांब्याचे क्षार. तें मुख्य टांकींत घालतां येत नाहीं, कारण त्यानें प्रवाळें, कोळंब्या आणि गोगलगाई मरतात. ठिपके तेथें उमटले म्हणजे सारे मासे बाहेर काढण्याची पाळी येते, आणि दगडांच्या राशींतून गोबी धरणें म्हणजे सारी मांडामांड उकलणें.

मुदत संपली कीं संध्याकाळीं दिवे मालवून मासा सोडावा. प्रथम गोबी आणि कोळंबी, पंधरवड्यानें ग्रामा किंवा फायरफिश, आणि महिन्यानें विदूषक माशांचें जोडपें. गोबी सोडल्यावर एक-दोन दिवस दिसेनासा होतो आणि घरांतलीं मुलें तो मेला म्हणून हळहळूं लागतात. दगड हालवून त्याचा शोध करूं नये. तिसऱ्या-चौथ्या दिवशीं सकाळीं एखाद्या दगडाच्या बुडाशीं वाळूचा ताजा ढीग पडलेला दिसतो, आणि जरा वेळ स्तब्ध उभें राहिलें तर ढिगामागून दोन डोळे वर येतात.